कै. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुण्यास गोपाळ गणेश आगरकर रस्ता या नावाचा एक रस्ता आहे आणि त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था या नावाची एक विज्ञानसंस्था उभी आहे. प्रथमच तेथे जाणारा मनुष्य घोटाळ्यात पडल्यावाचून राहत नाही. एका अक्षराचा तो काय फरक, तेव्हा दोन्ही नावे एकाच थोर पुरुषाची असावीत असा त्याचा समज होतो. प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा चालू असता मी वर्गात आघारकरांचे नाव घेतले, तेव्हा मागल्या बाकावरून ‘सुधारक’ पत्राचे संपादक असे उत्तर मोठ्या तत्परतेने आले. उत्तर देणाऱ्याचा इतिहास चांगला होता, यात शंका नाही. परंतु सुधारककार आगरकर १८९५ साली निवर्तले. ज्यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे ते आघारकर त्या वेळी अकरा वर्षांचेही झाले नव्हते. ते समाजसुधारक नव्हते, वक्ते नव्हते. झाडे आणि बारीकसारीक प्राणी पाहणे, त्यांची एकमेकांशी तुलना करणे आणि कोणाचे नाते कोणाशी आहे हे शोधून काढणे, यात त्यांचे आयुष्य गेले.

आपल्या जेऊरच्या मुलांना हे काम अगदी परके वाटू नये. भीमेचे, म्हणजे आता उजनीच्या जलाशयाचे, पाणी येथून दूर नाही. हिवाळ्यात तेथे उतरणारे रोहित पक्षी पाहण्यास सर्वच जातात. पण त्याच रोहित पक्ष्यांच्या पायांशी चिखलात किती प्रकारच्या गोगलगायी, शिंपले, किडे आणि जंतू नांदत असतात, हे वाकून पाहणारे थोडे. पाठीचा कणा असलेले प्राणी आपणांस चटकन ओळखू येतात. ज्यांना कणा नाही, अशांचीच संख्या या पृथ्वीवर कितीतरी पटींनी अधिक आहे, आणि ओळख मात्र त्यांचीच कमी. स्वीडनचे लिनियस हे वर्गीकरणशास्त्राचे जनक. पण त्यांनीदेखील कीटक वगळून असल्या बहुतेक सर्व प्राण्यांना कृमी या एकाच सदरात कोंबून टाकले होते. ती अडगळ निवडून नीट लावण्याचे काम पुढे फ्रान्समध्ये लामार्क यांनी आरंभिले आणि ते आजही संपलेले नाही.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मालवण म्हणजे समुद्र. भरतीच्या पाण्याने वाळूवर आणून टाकलेला, काचेसारखा पारदर्शक आणि लिबलिबीत असा गोळा तेथल्या मुलांस नवा नसतो. त्यास इंग्रजीत जेलीफिश म्हणतात. कोकणातील मच्छीमार झार म्हणतात आणि अंगास लागला की आग होते म्हणून जपून असतात. नावात मासा असला तरी हा मासा नव्हे. त्याला कणा नाही, मेंदू नाही, हृदय नाही. एक छत्री, तिच्या काठाशी लोंबणारे दंशक धागे आणि मध्यभागी तोंड, एवढाच त्याचा प्रपंच. शरीराचा बहुतेक सारा भाग पाण्याचाच. लहानपणी शंकरने असले झार पाहिले असतील असे मानावयास हरकत नाही. परंतु समुद्रावर पाहिलेला तो प्राणी पुढे आपणांस डोंगरात भेटेल, हे मात्र त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. सृष्टिविज्ञान हा त्यांचा विषय. एम. ए. झाल्यावर त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकविण्याचे काम त्यांना मिळाले. सुट्टी लागली की ते सह्याद्रीत हिंडावयास जात. त्या काळी वनस्पती वेगळ्या आणि प्राणी वेगळे अशी कडेकोट वाटणी झाली नव्हती. एकच मनुष्य सकाळी झाडांच्या फांद्या दाबून ठेवी आणि दुपारी ओढ्यातील किडे बाटलीत भरी. आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले, परंतु त्यांच्या नावाचा पहिला बोलबाला झाला तो एका प्राण्यामुळे.

घाटमाथ्यावर उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचा स्वभाव आपणांस ठाऊक आहे. आषाढ-श्रावणात त्या दोन्ही तीर बुडवून धावतात आणि चैत्र-वैशाखात त्यांचा ओघ तुटतो. मग पात्रात केवळ खडक, वाळू आणि मध्ये मध्ये खोल डोह शिल्लक राहतात. सातारा जिल्ह्यात वेण्णा आणि कोयना या कृष्णेस मिळणाऱ्या अशाच दोन नद्या आहेत. त्यांच्या खोऱ्यांतील निवळशंख डोहांत, उन्हाळ्याच्या दिवसांत, लहान नाण्याएवढ्या पारदर्शक छत्र्या उघडमीट करीत पाण्यात वर येतात आणि हळूहळू खाली बुडतात. आघारकरांनी १९११ च्या सुमारास त्या पाहिल्या. गोड्या पाण्यात, समुद्रापासून तुटलेल्या डोंगरी डोहात, जेलीफिश!

यात एवढे नवल कोणते, असे एखादा विद्यार्थी विचारील. जेलीफिशांच्या सर्व जाती बहुतेक खाऱ्या पाण्यातच राहतात. गोड्या पाण्यातील जेलीफिश प्रथम नजरेस पडला तो १८८० साली, आणि तोही कोठे, तर लंडनच्या रीजंट्स पार्कमधील एका बागेत, प्रचंड पानांची कमळे लावलेल्या ऊबदार हौदात. तेथे तो कोठल्याशा दूरदेशीच्या वनस्पतींबरोबर आला असावा. त्याचे नाव ठेवण्यासाठी दोन विद्वानांची अशी घाई झाली की थोड्याच दिवसांच्या अंतराने त्यास दोन निरनिराळी नावे मिळाली आणि पुष्कळ काळ त्यावरून गोंधळ चालला. शास्त्राचा नियम असा की ज्याचे नाव आधी छापले ते खरे. त्या नियमाने आज क्रास्पेडाकुस्टा हे नाव रूढ आहे. त्यानंतर आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात असा दुसरा जेलीफिश मिळाला. तो पहिल्याहून अगदी वेगळा निघाला, म्हणून त्यास लिम्नोक्निडा हे नाव मिळाले. शेकडो मैल आत असलेल्या सरोवरात समुद्राचा प्राणी कसा आला, याचा उलगडा करताना काही विद्वानांनी तर ते सरोवर म्हणजे एका प्राचीन समुद्राचाच उरलेला तुकडा होय असा तर्क लढविला. तो तर्क पुढे टिकला नाही. पण एका वीतभरही नसलेल्या प्राण्याने भूगोलाच्या पंडितांस किती विचारात पाडावे, हे यावरून दिसते.

आता सातारच्या डोहातील प्राणी या दोहोंपैकी कोणाचा भाऊबंद? आघारकर तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आपणच एखादे डौलदार नाव ठेवून मोकळे व्हावे, हा मोह त्या वयात मोठा असतो. पण जेलीफिशांची तुलना करावयाची तर जगभरच्या नमुन्यांचा आणि ग्रंथांचा संग्रह हाताशी हवा. तो त्या काळी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होता. तेथील प्रमुख डॉ. नेल्सन ॲनन्डेल हे स्कॉटिश गृहस्थ गोड्या पाण्यातील स्पंज व तत्सम कणाहीन प्राण्यांचे त्या वेळचे सर्वश्रेष्ठ जाणकार होते. आघारकरांनी नमुने त्यांच्या स्वाधीन केले. १९११ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध विज्ञानपत्रात या शोधाची वार्ता आली आणि पुढल्या वर्षी म्युझियमच्या मुखपत्रात प्राण्याचे वर्णन छापून आले.

निर्णय कसा झाला, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. लंडनच्या हौदातील जेलीफिशाची जननेंद्रिये छत्रीच्या आतून जठरापासून काठाकडे जाणाऱ्या नळ्यांवर असतात आणि पिशव्यांसारखी लोंबतात. टांगानिकातील जेलीफिशाचे तोंड रुंद आणि गोल असून त्याची जननेंद्रिये नळ्यांवर नव्हे, तर तोंडाजवळ जठराच्या भिंतीवरच असतात. सातारच्या प्राण्याचे तोंड रुंद होते आणि जननेंद्रिये जठरावर होती. अर्थात तो लंडनवाल्याचा नव्हे, आफ्रिकेतल्याचा सगोत्र ठरला. परंतु काठाचे धागे, संवेदनेंद्रिये इत्यादी बारकावे ताडून पाहता तो आफ्रिकेतल्या जातीशी तंतोतंत जुळेना. म्हणून वंश तोच, जात निराळी, असा निवाडा होऊन त्यास लिम्नोक्निडा इंडिका हे नाव देण्यात आले. आफ्रिकेत आणि सह्याद्रीत एकाच वंशाचा प्राणी, आणि मधे अथांग समुद्र! जो प्राणी समुद्राच्या पाण्यात राहत नाही, तो तो समुद्र ओलांडून आला कसा?

शास्त्राच्या रीतीप्रमाणे प्राण्याच्या नावामागे वर्णन करणाऱ्याचे नाव लागते. म्हणून लिम्नोक्निडा इंडिकाच्या मागे ॲनन्डेल यांचे नाव आहे, आघारकरांचे नाही. डोहाच्या काठी उन्हातान्हात बसून ज्याने प्राणी पाहिला त्याचे नाव त्यात नसावे, हे मला पूर्वी अन्यायाचे वाटे. आता तितके वाटत नाही. कारण आघारकर तेथेच थांबले नाहीत. १९१२ साली म्युझियमचे दुसरे अधिकारी एफ. एच. ग्रेव्हली यांच्याबरोबर त्यांनी पुन्हा त्याच खोऱ्यांत जाऊन या प्राण्याच्या राहणीचा आणि प्रसाराचा अभ्यास केला आणि दोघांनी मिळून तो प्रसिद्ध केला. १९१३ साली त्यांनी स्वतःच्या नावे आणखी निरीक्षणे छापली. पहिल्या दर्शनाने ते समाधान पावले असते, तर आपल्या हाती केवळ बाटलीतील काही नमुने राहिले असते. प्राणी कोठे राहतो, केव्हा दिसतो, डोहात कसा वागतो, हे काही बाटली सांगत नाही.

येथे चरित्राचा धागा क्षणभर बाजूस ठेवून, हेच काम आज कसे चालते ते सांगितले पाहिजे. शरीराच्या ठेवणीवरून नाते ठरविण्यात मोठे धोके आहेत. लंडनच्या हौदातील त्याच जेलीफिशाचे उदाहरण घ्या. १८८५ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ ओढ्यातील दगडांना चिकटलेला, डोळ्यांस जेमतेम दिसणारा, धागेही नसलेला एक नळकांड्यासारखा जीव सापडला. तो वेगळाच प्राणी असे समजून त्यास मायक्रोहायड्रा असे नाव मिळाले. पुष्कळ वर्षांनी कळून आले की ती त्या जेलीफिशाचीच दुसरी अवस्था होय. सुरवंट आणि फुलपाखरू यांची कोणी दोन जाती म्हणून नोंद करावी, तसा हा प्रकार. याउलट, जगातील बहुतेक समुद्रांत आढळणारा ऑरेलिया नावाचा जेलीफिश दिसावयास सर्वत्र सारखा, म्हणून त्याच्या फार थोड्या जाती मानल्या जात. या शतकात त्याच्या पेशींतील डी. एन. ए. तपासला तेव्हा एका रूपाआड कित्येक निरनिराळ्या जाती दडलेल्या निघाल्या.

डी. एन. ए. म्हणजे प्रत्येक पेशीत साठविलेला वंशाचा लेख होय, असे समजावे. हा लेख चारच अक्षरांत लिहिलेला असतो. २००३ साली कॅनडातील पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी योजना मांडली की सगळा लेख वाचण्याऐवजी बहुतेक प्राण्यांत असणाऱ्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा उतारा वाचावा आणि दुकानातील मालावरील पट्ट्यापट्ट्यांच्या खुणेप्रमाणे त्यावरून जात ओळखावी. अंडे असो, अळी असो, तुटलेला पाय असो, उतारा तोच असतो. तेव्हा मायक्रोहायड्रासारखी फसगत होत नाही. पण हा उपायही रामबाण नव्हे. स्पंज आणि पोवळी यांच्यात हा उतारा इतक्या मंद गतीने बदलतो की दोन स्पष्टपणे भिन्न जातींतही तो पुष्कळदा एकच निघतो. तेथे पुन्हा शरीराचे अवयवच पाहावे लागतात किंवा दुसरी जनुके शोधावी लागतात. शिवाय उतारा कोणाचा, हे सांगण्यासाठी आधी कोणी तरी तो प्राणी अवयवांवरून नीट ओळखून ठेवलेला असला पाहिजे. आघारकर आणि ॲनन्डेल यांनी केले ते काम जुने झाले म्हणून टाकाऊ ठरत नाही, ते यामुळे.

एक अडचण मात्र खरी आहे. जुन्या संग्रहांतील मऊ शरीराचे प्राणी बहुधा फॉर्मॅलिनमध्ये ठेवीत. त्याने आकार उत्तम टिकतो, पण डी. एन. ए. मोडतो आणि तो लेख वाचणे फार जड जाते. डी. एन. ए. साठी प्राणी ताजा पकडून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे सह्याद्रीतील छत्रीचे आफ्रिकेतील छत्रीशी नाते नव्या रीतीने पडताळावयाचे, तर कोणास तरी पुन्हा वैशाखात, गुडघाभर पाण्यात, हातात जाळे घेऊन उभे राहिले पाहिजे.

आघारकरांकडे परत वळू. १९१३ साली कलकत्त्याचे दानशूर कायदेपंडित सर राशबिहारी घोष यांनी विश्वविद्यालयास मोठी देणगी दिली आणि तिच्यातून विज्ञानाची अध्यापकपदे निर्माण झाली. सर आशुतोष मुखर्जी हे त्या वेळी विश्वविद्यालयाचे सूत्रधार होते. हिंदुस्थानभरातून गुणी माणसे वेचून आणण्याचा त्यांनी सपाटा लावला होता, आणि वनस्पतिशास्त्राच्या घोष-अध्यापकपदासाठी त्यांनी निवडले ते मालवणच्या या तरुणास. पद स्वीकारून अधिक अभ्यासासाठी आघारकर १९१४ साली जर्मनीस गेले. बर्लिनमध्ये आडॉल्फ एंग्लर हे जगातील अग्रगण्य वनस्पतिवर्गीकरणकार होते. त्यांच्या हाताखाली शिकावे असा बेत होता. इतक्यात महायुद्धाचा भडका उडाला. आघारकर ब्रिटिश प्रजाजन, म्हणजे जर्मनांच्या लेखी शत्रू. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. कलकत्त्याहून गेलेले पदार्थविज्ञानाचे घोष-अध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही त्याच युद्धामुळे बर्लिनमध्ये अडकून पडले होते.

परमुलुखात, घरच्या वार्तेवाचून, सुटका केव्हा होईल याची शाश्वती नाही, अशा स्थितीत कित्येकांची उमेद खचते. आघारकरांनी सुटका होताच अभ्यास पुन्हा हाती घेतला आणि १९१९ साली बर्लिन विश्वविद्यालयाची डॉक्टर ही पदवी मिळविली. प्रबंधाचा विषय पाहण्यासारखा आहे. हिंदुस्थानच्या वायव्य भागातील कोरड्या प्रदेशात वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कोणत्या साधनांनी होतो आणि त्या मूळच्या कोठल्या, याचा तो शोध होता. वाऱ्याने उडणारी बीजे, जनावरांच्या अंगास चिकटणारी कुसळे, पक्ष्यांच्या पोटातून जाणाऱ्या बिया, यांच्या आधारे वनस्पतींच्या प्रवासाचा मार्ग काढावयाचा. माझ्या मते हा प्रश्न वेण्णेच्या डोहावर पडलेल्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. प्राणी बदलून वनस्पती आल्या, एवढेच. हा जीव येथे आला कोठून, ही जिज्ञासा तीच राहिली.

हिंदुस्थानात परतल्यावर १९४६ पर्यंत त्यांनी कलकत्त्यास अध्यापन केले. या पाव शतकाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते शिक्षकाचे आयुष्य होते आणि शिक्षकाच्या आयुष्यात बाहेरून दिसण्यासारखे फारसे काही घडत नाही. वनस्पतिशास्त्राचा विभाग उभा करणे, विद्यार्थी घडविणे, याच्या जोडीस इंडियन सायन्स काँग्रेसच्या चिटणीसपदाचा कंटाळवाणा भारही त्यांनी अनेक वर्षे वाहिला. दूरदूरच्या शास्त्रज्ञांस दरवर्षी एका जागी बोलावून, त्यांचे निबंध वेळेवर छापून घेणे हे काम ज्याने केले आहे त्यालाच त्याची किंमत कळते. या वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्यांकडून लेख गोळा करताना मला त्याची पुसट कल्पना आली.

वयाच्या एकसष्टाव्या-बासष्टाव्या वर्षी मनुष्य विश्रांतीचा विचार करतो. आघारकर पुण्यास आले आणि त्याच १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेचा पाया घातला गेला. तिचे ते पहिले संचालक झाले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली कलकत्त्यास अशाच नावाची संस्था स्थापिली होती आणि तिच्याच प्रयोगशाळेत चंद्रशेखर रामन यांनी आपले नोबेल पारितोषिकाचे काम केले. महाराष्ट्रातही कॉलेजच्या परीक्षांपलीकडे जाऊन केवळ संशोधनासाठी एक घर असावे, ही आघारकरांची तळमळ होती. आरंभी संस्थेस स्वतःची इमारत नव्हती. उसन्या जागेत काम सुरू झाले. पुढे चौदा वर्षे, म्हणजे अखेरच्या दिवसापर्यंत, त्यांनी तिचा संसार चालविला. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ साली संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. आपल्या तालुक्यातील पालकांपैकी ज्यांची शेती आहे त्यांनी सोयाबीनच्या किंवा गव्हाच्या बियाण्याच्या पिशवीवर एम. ए. सी. एस. ही अक्षरे कदाचित पाहिली असतील. ती याच संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत.

आघारकर गेले त्या सुमारास कोयनेवर धरणाचे काम चालू होते. थोड्याच वर्षांत शिवसागर जलाशय भरला आणि त्या खोऱ्याचा मोठा भाग, त्यातल्या गावांसह आणि डोहांसह, पाण्याखाली गेला. वेण्णेवरही पुढे कण्हेरचे धरण झाले. जो प्राणी उन्हाळ्यात ओघ तुटलेल्या डोहातच दिसे, त्याच्या वाट्याला बारा महिने अथांग पाणी आले. सुदैवाने तो एवढ्यातच नव्हता. दक्षिणेकडील दुसऱ्या नद्यांतही पुढे त्याची नोंद झाली आहे. आपली भीमा भीमाशंकरास, त्याच सह्याद्रीत, उगम पावते आणि रायचूरजवळ कृष्णेस मिळते. म्हणजे वेण्णा-कोयनेचे पाणी आणि आपले पाणी अखेर एकच होते. येत्या मे महिन्यात शाळेची काही मुले माझ्याबरोबर नदीकाठी येणार आहेत. बरोबर काचेच्या स्वच्छ बाटल्या, एक भिंग, बारीक कापडाचे जाळे आणि वही-पेन्सिल असेल. वहीत नाव लिहिण्याची घाई करावयाची नाही, असे ठरले आहे. स्थळ, तारीख, पाण्याची खोली आणि जे दिसेल त्याचे चित्र, एवढेच प्रथम लिहावयाचे.